आल्याचा रस निवळतो तेव्हा

बसा.

ओट्याजवळ स्टूल ओढून घ्या आणि बसा. हे काम उभ्यानं करायचं नाही.

मे महिन्याची संध्याकाळ आहे. मीरा रोडला, भाईंदरला या वेळी हवा अंगाला चिकटते. स्टेशनपासून चालत आलात की पाठ भिजलेली असते. खाडीवरचा वारा सुटायला अजून थोडा अवकाश आहे.

तो सुटेपर्यंत कसलीच घाई करायची नाही.

एक श्वास आत. सावकाश.

एक श्वास बाहेर.

आता समोर काय काय आहे ते पाहा. आल्याचा मोठा तुकडा. दोन कागदी लिंबं. साखर. मीठ. किसणी. मलमलीचा धुतलेला तुकडा. काचेची वाटी. फ्रिजमध्ये सोड्याची बाटली आहे, बर्फ आहे.

आणि जरा बाजूला, व्होडका.

ती बाजूलाच राहू द्या. तिची पाळी शेवटी येणार आहे.

आलं हातात घ्या.

वजन जाणवू द्या. अंगठा त्याच्या सालीवरून फिरवा. कुठे साल कागदासारखी सुटते, कुठे घट्ट चिकटून आहे. जिथे एक बोट दुसऱ्या बोटातून फुटलं, तिथे बारीक माती राहिलेली असते. नखानं काढा. घाई नाही.

हे आलं कदाचित साताऱ्याकडून आलं असेल. तिकडे आल्याची शेती मोठी. एप्रिल-मे मध्ये लावण होते आणि पुढे आठ-नऊ महिने ते जमिनीत राहतं. भाव नसला तर शेतकरी ते आणखी काही महिने जमिनीतच ठेवतो. म्हणजे तुमच्या हातात गेल्या वर्षीचा पाऊस आहे, आणि याच आठवड्यात कुठेतरी पुढच्या वर्षीचं आलं सरीत ठेवलं जात असेल.

थोडा वेळ एवढंच मनात असू द्या. अंधारात, ओल्या मातीत, आवाज न करता वाढणारी एक गोष्ट.

आता ते मोडा.

आवाज ऐका. कट्. मग तंतू हळूहळू तुटतात.

मोडलेली बाजू नाकाजवळ आणा. डोळे मिटा.

पहिल्या वासात लिंबासारखं काहीतरी असतं. मग माती येते. मग तिखटाची चाहूल, अजून लांबवर. मे महिन्यातलं आलं जून असतं, दोरे खूप, रस कमी, पण झणका भरपूर. या पेयाला तेच चांगलं. पावसाळ्यानंतरचं कोवळं आलं लोणच्यासाठी ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

चमच्याच्या कडेनं साल खरवडा. सुरीनं काढू नका, गर फुकट जातो.

आता किसा.

किसणीवर हात पुढे. हात मागे. आवाजाला लय येऊ द्या. खाली ओला, पिवळट, दोरेदार कीस जमतो. बोटांना गार लागतो. थोड्या वेळानं तेच बोट ओठाला लागलं तर जळजळेल.

कीस मलमलीत घ्या. दोन चमचे पाणी शिंपडा. पुरचुंडी बांधा आणि पिळा.

पहिले थेंब अडखळत येतात. मग एक बारीक धार.

काचेच्या वाटीत रस पडतो. गढूळ, पिवळसर, मातकट. दिसायला काही खास नाही.

वाटी ओट्यावर ठेवा.

आता हात काढून घ्या.

आजच्या संध्याकाळचं खरं काम इथे आहे. या वाटीकडे पाहायचं.

रस हलतोय अजून. हातांची हालचाल त्यात राहिली आहे. त्याला सोडा. तो आपोआप थांबेल.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आलं-लिंबाचं पाचक करणाऱ्या घरांत हे सगळ्यांना ठाऊक असतं. आल्याचा रस काढला की लगेच वापरायचा नाही. झाकून ठेवायचा. दहा-पंधरा मिनिटांत तळाशी पांढरा साका बसतो. वरची निवळ अलगद ओतून घ्यायची. मग लिंबाचा रस, साखर, शेंदेलोण, आणि काचेची बरणी. जेवणाआधी एक चमचा.

कुणी शिकवलं हे? आईनं, आजीनं, की शेजारच्या मावशींनी? ज्यांनी शिकवलं त्यांचा हात आठवा. त्या हातातली वाटी आठवा.

तो साका म्हणजे आल्यातलं पीठ, स्टार्च. झाडानं पुढच्या कोंबासाठी साठवलेली शिदोरी. ती पाण्यात विरघळत नाही, आणि पाण्याहून जड असते. म्हणून खाली जाते. तिला खाली ढकलावं लागत नाही.

पाहा.

काचेच्या बाजूनं पाहा. डोळे वाटीच्या पातळीला आणा. तळाशी एक फिकट रेघ उमटली आहे का? केसाएवढी?

नसेल तर नसू द्या.

थांबा.

खिडकीतून आवाज येतात. खाली कुणाची तरी स्कूटर. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी. दूरवर एक लोकल खाडीच्या पुलावर चढते, आणि आवाज एकदम पोकळ होतो. पाणजू बेट मागे टाकून ती नायगावकडे जाते. पुलावरचा तो पोकळ आवाज कानात राहू द्या, तो विरेपर्यंत.

विरला?

आता पुन्हा वाटी.

आपल्या आजूबाजूच्या अनेक जैन घरांत ओलं आलं चालत नाही. ते कंदमूळ. सुंठ चालते. एकाच मजल्यावर एका दारामागे आल्याचा चहा उकळतो, दुसऱ्या दारामागे सुंठीचा. दोन्ही वास जिन्यात एकमेकांत मिसळतात. कधी चढताना थांबून घेतलाय हा वास?

ओल्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलचा. आलं वाळलं की त्याच्यातून शोगाओल तयार होतं, आणि ते जिंजेरॉलहून जास्त झोंबतं. आलं शिजवलं की आणखी एक रूप येतं, झिंजरोन, सौम्य, गोडसर वासाचं. मूळ एकच, पण पाणी गेलं की स्वभाव पालटतो, आच लागली की पुन्हा पालटतो.

आज आपण ओलं आलं घेतलंय, आणि आच लावलेली नाही. याचा तिखटपणा जिभेवर उमटतो आणि घशाशी रेंगाळतो.

वाटीकडे पाहा. रेघ जाडावली आहे.

वरचा रस आता किंचित पारदर्शक आहे. मघाशी पलीकडची फरशी दिसत नव्हती. आता तिची कड दिसते.

तुम्ही काहीच केलेलं नाही.

या मधल्या वेळात साखरेचा पाक होतो. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, मंद आच. साखर विरघळली की गॅस बंद. उकळवत बसू नका, तार नको आहे. तो निवू द्या.

आता लिंबू.

तळहाताखाली धरा आणि ओट्यावर फिरवा. जरा भार देऊन. आत काहीतरी सैल होत असल्याचं तळहाताला कळतं. कागदी लिंबाची साल पातळ, लवकर दबते. उन्हाळ्यात ते महाग होतं, बाजारात एकेक लिंबू हातात घेऊन निवडावं लागतं. म्हणूनही ते सावकाश हाताळा.

कापा. आडवं.

कापताना सालीतून बारीक फवारा उडतो. दिसत नाही, पण मनगटावर बसतो. मनगट हुंगा. तो वास रसाचा नाही, सालीतल्या तेलाचा आहे. तेल लगेच उडून जातं. आत्ताच हुंगा.

पिळताना शेवटच्या थेंबापर्यंत जाऊ नका. साल फार आवळली की कडवटपणा उतरतो. चार थेंब सालीत राहिले तर राहू द्या.

आता बर्फ काढा.

एक खडा तळहातावर ठेवा.

फक्त धरा.

आधी गार. मग टोचल्यासारखं. मग बोटांच्या फटीतून एक थेंब मनगटाकडे निघतो.

हे पाणी कुठून आलं? मीरा-भाईंदरला पिण्याचं बरंचसं पाणी शहाड-टेमघरच्या आणि एमआयडीसीच्या जलवाहिन्यांतून येतं. ते उल्हास नदीचं पाणी आहे. सह्याद्रीत उगम पावलेली, कर्जत, बदलापूर, कल्याण करत येणारी नदी. तिचं थोडं पाणी वाहिनीत शिरतं आणि तुमच्या टाकीत पोचतं. बाकीची नदी ठाण्याकडे येते, घोडबंदरच्या बाजूनं खाडी होते, आणि भाईंदरच्या पुलाखालून समुद्राला जाते.

म्हणजे मघाची लोकल ज्या पाण्यावरून गेली, त्याच नदीचा एक खडा तुमच्या हातात वितळतोय.

तेवढा वेळ धरून ठेवा, जेवढा वेळ तळहाताला सोसेल.

मग तो खडा ग्लासात टाका. आवाज ऐका.

आता मीठ. याच खाडीच्या भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, उन्हात आटवायचं, फळीनं मीठ ओढायचं. भाईंदरच्या, मीरा रोडच्या रुळांलगत मिठागरं होती, त्यांतली काही अजून दिसतात. आगरी माणसाचं सगळं वर्ष या कामाभोवती फिरायचं. मे महिना म्हणजे मिठाच्या राशींचा महिना. पाऊस पडायच्या आत राशी झाकायच्या.

तुमच्या बरणीतलं मीठ बहुतेक गुजरातहून आलेलं असणार. तरी एक चिमूट बोटांत घ्या. बोटं एकमेकांवर घासा. खडे जाणवतात का?

गाडीत दारापाशी उभं राहून तुम्ही त्या चौकोनी वाफ्यांकडे किती वेळा पाहिलं असेल. आत्ता, डोळे मिटून, एकदा पाहा. उथळ पाणी. त्यात आकाश. कडेला तिवरं. एक बगळा, एका पायावर.

तिथेही पाणी नुसतं पडून असतं, आणि ऊन आपलं काम करत असतं.

डोळे उघडा.

वाटी.

साका बसला आहे. तळाशी पांढरा, घट्ट थर. वर सोनेरी निवळ. दोघांच्या मधली रेघ स्वच्छ.

आता वाटी उचला. दोन्ही हातांनी. हळू. सगळं लक्ष त्या रेघेवर ठेवा. दुसऱ्या भांड्यात ओता, आणि पांढरा थर वाटीच्या काठापर्यंत आला की थांबा. थोडी निवळ मागे राहील. तिचा मोह सोडा.

मी अजून एक गोष्ट आग्रहानं सांगेन. व्होडका घालण्याआधी हे सगळं एकत्र करून चाखा.

ग्लासात दोन छोटे चमचे आल्याची निवळ. तीन छोटे चमचे लिंबाचा रस. तीन छोटे चमचे पाक. मिठाची ती चिमूट. ढवळा. चमच्याच्या टोकावर एक थेंब घेऊन जिभेवर ठेवा.

हे पाचकच आहे. घरातलं, ओळखीचं. चव कशी येते ते पाहा. आधी आंबट. गोड थोडं मागून. आणि आलं?

आल्याचा तिखटपणा खरं तर चव नाही. उष्णता ओळखणारे जे तंतू तोंडात असतात, ते आल्यानं जागे होतात, आणि मेंदूला वाटतं की काहीतरी ऊन लागलं. तापमान वाढलेलं नसतं. तरी ऊब खरी असते. घशातून छातीकडे उतरते.

तिच्यामागे जा. कुठपर्यंत जाते ते पाहा.

काही कमी वाटतंय? साखर? लिंबू? आत्ताच नीट करा. व्होडका पडल्यावर बारकावे झाकले जातात, मग जिभेला ते विचारून उपयोग नाही.

आता बाटली जवळ घ्या.

झाकण उघडण्याआधी एक क्षण. महाराष्ट्रात असं कडक मद्य पिण्यासाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवाना लागतो. दुकानात एका दिवसाचाही मिळतो. तो घेतलेला असू द्या. आज रात्री गाडी चालवायची नाही, हेही मनात पक्कं असू द्या. आणि घ्यावंसं वाटत नसेल, डॉक्टरांनी मनाई केली असेल, किंवा हे एकदा सुरू झालं की आपल्याला थांबता येत नाही हे तुम्हाला माहीत असेल, तर बाटली न उघडता परत ठेवा. ग्लासात सोडा ओता आणि माझ्याबरोबर पुढे चला. वाट तीच आहे.

घेणार असाल तर मोजून घ्या.

४५ मिली. लहान पेग ३० मिलीचा, त्याच्या दीडपट. आपल्याकडच्या बऱ्याच व्होडकांच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे या मापात साधारण १९ मिली निव्वळ मद्यार्क आहे. अंदाजानं ओतलं की हात नेहमी सैल पडतो. माप वापरा.

ओतताना पाहा. पाण्यासारखीच दिसते. पण बर्फावरून उतरताना तिच्या तलम रेघा दिसतात, उन्हात तापलेल्या डांबरावर हवा थरथरते तशा.

त्या रेघा विरेपर्यंत पाहा.

व्होडकाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. म्हणूनच ती इथे चालते. आल्याचं तिखट पाण्यापेक्षा मद्यात सहज विरघळतं, आणि मद्य ते तोंडभर पसरवतं. शिवाय मद्य त्याच उष्णतेच्या तंतूंना आणखी हळवं करतं. म्हणून हा ग्लास गार असतो आणि ऊन लागतो.

आता सोडा. १२० मिली, ग्लासाच्या कडेनं. ढवळू नका, एकदाच चमचा तळाशी नेऊन वर उचला.

बुडबुडे पाहा.

एक बुडबुडा निवडा. तळाशी, काचेला चिकटलेला. तो फुगतो. सुटतो. वर जातो. फुटतो.

दुसरा निवडा.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्होडका, लिंबू आणि आल्याची बिअर एकत्र करून ‘मॉस्को म्यूल’ नावाचं पेय चालू झालं. मॉस्कोचा संबंध नावापुरता. ते तांब्याच्या मगमध्ये देतात, आणि चित्रांत तो मग फार देखणा दिसतो. पण आपल्या घरांत आंबट पदार्थ कल्हईशिवाय तांब्या-पितळेत ठेवत नाहीत. तेच बरोबर आहे. आंबटात तांबं उतरतं. साधा काचेचा ग्लास घ्या. आणि काच घेतली तरच बुडबुडा दिसेल.

उत्तनकडच्या ईस्ट इंडियन घरांतही लग्नाकार्याला मसाल्याचं गरम पेय असतं, खिमाड. मद्य, मसाला आणि माणसं एकत्र येण्याची रीत या खाडीच्या काठावर जुनी आहे. आज मात्र तुम्ही एकटे आहात, आणि तेही चांगलं आहे.

ग्लास उचला. अजून पिऊ नका.

बाहेरून पाहा. काचेवर दव जमलं आहे. ते हवेतलं पाणी आहे, मघाशी जे पाठीला चिकटलं होतं ते. बोटानं एक रेघ ओढा. बोट कपाळाला लावा.

आता वास. सोड्याचे तुषार नाकाला लागतात. लिंबू पुढे, आलं मागे.

आता एक घोट. लहान.

तोंडात धरा.

गार. मग टोचरे बुडबुडे. मग आंबट-गोड. मग ऊब, उशिरानं, घशाच्या मागून.

गिळा.

श्वास बाहेर सोडा, नाकातून. आल्याचा खरा वास आत्ता येतो, घोट उतरून गेल्यावर.

दुसऱ्या घोटाची घाई हाताला झाली आहे का? झाली असेल तर तिच्याकडेही पाहा. ती घाई कुठे आहे? बोटांत? ओठांत? दिवसभराच्या थकव्यात?

तिला काही म्हणू नका. ग्लास खाली ठेवा.

रस जसा निवळला, तसं हेही थोडं निवळू द्या.

ऑफिसातलं कुणाचं तरी बोलणं मनात घोळतंय. खाली जाऊ द्या. हप्त्याची तारीख. खाली. सकाळी गाडीत शिरताना बसलेला धक्का. तोही. त्यांना ढकलू नका. जे जड आहे ते आपल्या वजनानं खाली बसेल, आणि ते तिथे आहे हे तुम्हाला दिसत राहील.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आता दुसरा घोट.

पडदा हलला. खाडीवरचा वारा सुटला आहे. त्यात खारेपणा आहे, थोडा चिखलाचा वास आहे. उत्तनच्या बाजूला राहत असाल तर वाळत्या बोंबलांचाही.

पीत राहा. पाऊण तास लागला तरी चालेल. बर्फ वितळेल, पेय पातळ होईल, आल्याची ऊब बोथट होत जाईल. प्रत्येक घोट आधीच्याहून वेगळा लागेल. कोणता घोट सगळ्यात जास्त आवडला ते फक्त पाहा.

ग्लास संपला की मलमलीतला चोथा टाकू नका. डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळच्या चहाला येईल. पाक बाटलीत भरा, तो काही दिवस टिकतो. निवळ मात्र एक-दोन दिवसांत संपवा.

आणि दुसरा ग्लास करावासा वाटला तर जरूर करा, पण व्होडका न घालता. तीच निवळ, तेच लिंबू, तोच पाक, तेवढाच सोडा. घरात आणखी कुणी आलं असेल तर त्यांच्यासाठीही एक.

पहिला घोट घ्या आणि तोंडात धरा. ऊब कधी येते, कुठून येते, किती वेळ राहते ते पाहा. मघाच्या ग्लासात आल्याचं किती होतं आणि व्होडकाचं किती, ते आता तुमची जीभच तुम्हाला सांगेल.